नकाशा उघडा : शनिवारी न सुटणारी गाडी

दोस्तांनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी एक बैठक भरते. आई कॅलेंडर काढते, बाबा गाड्यांच्या वेळा बघतात आणि तुम्ही मध्येच "खिडकी माझी!" म्हणून मोकळे होता. गाव मुरुड असो की मिरज, बैठकीतले प्रश्न मात्र ठरलेले. कधी निघायचं? गाडी कुठं बदलायची? आणि चुकलीच, तर पुढची कधी?

आज हीच बैठक आपण जरा लांबच्या प्रवासासाठी भरवू या. देश परका, भाषा परकी, स्टेशनं कधी न पाहिलेली. त्या देशातल्या तीन गावांना आगगाडीनं जायचं आहे. आणि गंमत म्हणजे, तिथल्या रेल्वेचं वेळापत्रक समजून घेणं रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुलांना सर्वांत सोपं जाणार आहे. का, ते पुढं कळेलच. वही, पेन्सिल आणि नकाशांचं पुस्तक घेऊन बसा.

अलिबागच्या आजीचा प्रवास

समजा, अलिबागला एक आजी आहे. वय अठ्ठ्याहत्तर. तिची धाकटी बहीण लग्नानंतर इस्रायलला गेली, ती तिकडचीच झाली. दोघींची शेवटची भेट होऊन तीस वर्षं झाली. बहीण आता दिमोना नावाच्या गावात राहते. आजीचा भाचा हैफा या बंदराच्या शहरात असतो. शिवाय एकदा जेरुसलेम डोळ्यांनी बघावं, ही आजीची जुनी इच्छा. सुट्टी आठच दिवसांची. बरोबर येणार आहे नववीतला नातू, आणि प्रवास आखायचं काम घरच्यांनी त्याच्यावर सोपवलं आहे.

मी "समजा" म्हटलं खरं, पण अशी घरं आपल्या किनाऱ्यावर खरोखरच होती आणि आहेत. अलिबागला गेलात तर 'इस्रायल आळी' विचारा, कुणीही दाखवील. तिथं 'मागेन अबोथ' नावाचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. हे आपले बेने इस्रायल लोक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागच्या उत्तरेला, नवगावजवळ एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. गलबतातल्या बुडालेल्या माणसांच्या स्मृतीचं ठिकाण नवगावला आजही आहे. ही मंडळी मराठी बोलू लागली, लुगडी नेसू लागली आणि गावांवरून आडनावं लावू लागली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, केहीमकर, दिवेकर, नवगावकर. नकाशा उघडा आणि यांतली किती गावं सापडतात ते बघा!

१९४८ साली इस्रायल हा देश स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत यांतली बरीचशी घरं तिकडं गेली. बेअर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद या गावांत त्यांच्या वस्त्या झाल्या. तिकडं गेल्यावर त्यांनी मराठी टाकली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा त्यांनी तिथून काढलं. तेव्हा रायगडहून तिकडं जाणारी माणसं नेहमी सहलीलाच जातात असं नाही. कित्येकदा ती आपल्याच माणसांना भेटायला जातात.

नातवाची पहिली वही

आता नातवाची वही बघू. पोरगा हुशार आहे. त्यानं आधी नकाशा पाहिला. इस्रायल म्हणजे केवढासा देश! आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण तिप्पट. हैफा वर, समुद्रकाठी. मध्ये तेल अवीव. जेरुसलेम पूर्वेला डोंगरात. बेअर शेवा दक्षिणेला वाळवंटाच्या तोंडाशी आणि दिमोना त्याच्याही पलीकडं. हैफा ते तेल अवीव आगगाडीनं साधारण एक तास. तेल अवीव ते बेअर शेवा सव्वा तासाच्या आसपास. आपण रोह्याहून रत्नागिरीला जाईपर्यंत तिकडं अर्धा देश पालथा घालून होईल. म्हणून त्यानं ऐटीत लिहिलं :

मंगळवार – विमानतळावर उतरून हैफा.
बुधवार, गुरुवार – हैफा.
शुक्रवार – सकाळी जेरुसलेम, दिवसभर शहर बघणं, संध्याकाळच्या गाडीनं दिमोना.
शनिवार ते सोमवार – दिमोना, मावशीआजीकडं.
मंगळवार – परत.

दिसायला कसं झकास दिसतंय! अंतरं बरोबर, गावं बरोबर, दिवसही आठ. पण हा बेत शुक्रवारी संध्याकाळी जेरुसलेमच्या स्टेशनच्या बंद दारापाशी येऊन अडकणार. संध्याकाळची गाडी नाही. बस बघावी तर तीही नाही. दुकानं बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. गाड्या पुन्हा सुटणार त्या शनिवारी रात्री.

असं का? याचं उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. ते अलिबाग-रेवदंड्याच्या जुन्या घाण्यांपाशी आहे.

शनवार तेली

बेने इस्रायल लोकांचा कोकणातला मुख्य धंदा होता तेल गाळण्याचा. बैल जुंपलेला घाणा सहा दिवस फिरायचा आणि सातव्या दिवशी, शनिवारी, थांबायचा. त्या दिवशी काम नाही, धंदा नाही. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. शेजारीच दुसरे तेली होते, ते महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत. ते झाले 'सोमवार तेली'. गावात सगळ्यांना ठाऊक असायचं, की शनिवारी या आळीत तेल मिळणार नाही. मग शहाणी सुगरण काय करी? शुक्रवारीच बुधला भरून आणी. ती शनवार तेल्यावर रागावत नसे आणि "हे कसलं दुकान?" असं म्हणतही नसे. त्याचा वार तिला माहीत होता, एवढंच.

हा शनिवारचा विसावा म्हणजे ज्यूंचा शब्बाथ. इस्रायलमध्ये तो साऱ्या देशाच्या सुट्टीचा वार आहे. तिथली रेल्वे शुक्रवारी दुपारी थांबते आणि शनिवारी रात्री पुन्हा सुरू होते. थोडक्यात, सबंध देशाची रेल्वे 'शनवार तेली' आहे! बघा, मी म्हटलं नव्हतं, की हे वेळापत्रक रायगडच्या मुलांना पटकन कळेल?

घड्याळाआधी कॅलेंडर

आता एक बारकी गोष्ट. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला सुरू होतो. ज्यूंच्या पंचांगात तो सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून त्यांचा शनिवार आपल्या शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. सूर्य वर्षभर एकाच वेळी मावळत नाही, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. तेल अवीवला डिसेंबरात तो पावणेपाचच्याही आधी मावळतो आणि जूनच्या शेवटी पावणेआठनंतर. त्यामुळं शुक्रवारची शेवटची गाडी हिवाळ्यात लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा सुटते. मे महिन्यात एखाद्यानं सांगितलेली वेळ डिसेंबरात चालत नाही.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. आपल्या कोकण रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक वेगळं असतंच की! पावसात गाड्या सावकाश चालवाव्या लागतात, म्हणून वेळा बदलतात. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची तर पावसाळ्यात बंदच राहतात. आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल, तर आधी काय बघतात? घड्याळ? छे! तिथी. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की बाराला ओहोटी, तेव्हा चालत जा. आजी हे गणित बोटांवर करते.

रेल्वेच्या वेळापत्रकालाही अशी भरती-ओहोटी असते. त्या देशातले लोक कधी काम करतात, कधी थांबतात, कधी सगळे एकदम घरी निघतात, हे त्यात लपलेलं असतं. म्हणून परक्या देशात पहिला प्रश्न "गाडी किती वाजता?" हा नाही. पहिला प्रश्न आहे "त्या दिवशी तिथं कोणता वार, कोणता सण?"

इस्रायलमध्ये रविवार हा कामाचा पहिला दिवस. हिब्रू भाषेत त्याचं नावच 'पहिला दिवस' असं आहे. सोमवार म्हणजे दुसरा दिवस, मंगळवार तिसरा. असे सहा दिवस मोजायचे. स्वतःचं नाव फक्त शनिवारला, शब्बाथ! त्यामुळं आपण रविवारी सकाळी आळसावून पडलेले असतो, तेव्हा तिथल्या गाड्या खचाखच भरलेल्या असतात. तिथं तरुण मुलामुलींना सैन्यात नोकरी करावी लागते. सुट्टी संपवून ती रविवारी सकाळी छावणीकडं निघतात आणि गुरुवारी दुपारनंतर घरी परततात. पाठीवर केवढ्या थोरल्या पिशव्या! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला या दोन वेळा टाळलेल्या बऱ्या.

सणांचंही तसंच. बेने इस्रायल लोकांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली होती. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. त्यानंतर येणारा मोठा उपासाचा दिवस तो 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस. हिब्रूत त्याला योम किप्पूर म्हणतात. मराठी नाव किती नेमकं आहे बघा. त्या दिवशी इस्रायलची खरोखर सगळी दारं बंद होतात. आगगाड्या बंद, बस बंद, विमानतळसुद्धा बंद! रस्त्यावर मोटार दिसत नाही आणि मुलं हमरस्त्यांवरून खुशाल सायकली फिरवतात. हा दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, पण दर वर्षी तारीख वेगळी. कारण ते पंचांगही आपल्यासारखं चंद्रावर चालतं. आपण अधिक मास धरतो, तसे तेही एकोणीस वर्षांत सात जादा महिने धरतात. तेव्हा गेल्या वर्षीची तारीख या वर्षी वापरू नका.

जेरुसलेममध्ये तर तीन धर्मांची माणसं राहतात. मुसलमानांचा जुम्मा शुक्रवारी, ज्यूंचा शब्बाथ शनिवारी, ख्रिस्ती लोकांची उपासना रविवारी. शहराच्या पूर्व भागातल्या अरब वस्तीत शनिवारीसुद्धा बस धावते. एकाच शहरात तीन वेळापत्रकं! आहे की नाही गंमत?

कोणतं स्टेशन?

दुसरा प्रश्न स्टेशनाचा. "मुंबईला उतर" असं कुणी सांगितलं तर तुम्ही लगेच विचाराल, "मुंबईला म्हणजे कुठं? दादर की ठाणे की सीएसएमटी?" तेल अवीवलाही तेच. शहरात चार मुख्य स्टेशनं आहेत : विद्यापीठ, साविदोर मध्यवर्ती, हाशालोम आणि हाहगाना. नातवानं वहीत नुसतं 'तेल अवीव' लिहिलं होतं. तिथं स्टेशनाचं पुरतं नाव हवं. बेअर शेवालाही दोन स्टेशनं आहेत, हैफाला तर त्याहून जास्त. जपानमध्येही ही फसगत होते. ओसाका शहराला जाणारी वेगवान शिनकानसेन गाडी 'ओसाका' स्टेशनात जातच नाही, ती 'शिन-ओसाका' या निराळ्या स्टेशनात थांबते.

इस्रायलमधल्या पाट्या हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. हिब्रू आणि अरबी उजवीकडून डावीकडं लिहितात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं. म्हणून एका चिठ्ठीवर स्टेशनाचं नाव इंग्रजीत आणि हिब्रूत लिहून ती आजीच्या पर्समध्ये ठेवायची. मोबाइलची बॅटरी संपेल, चिठ्ठीची नाही.

स्टेशनात शिरताना सामानाची तपासणी होते, त्यासाठी थोडा जास्त वेळ धरायचा. तिकीट उतरल्यावर फेकायचं नाही, कारण बाहेर पडायच्या फाटकावरही ते लागतं. आणि जेरुसलेमचं नवं स्टेशन बघून नातू थक्क होणार. ते जमिनीखाली सुमारे ८० मीटर खोल आहे! विमानतळाहून तिथं जाणारा वेगवान मार्ग २०१८ साली सुरू झाला. या भागातली पहिली रेल्वे १८९२ सालची, याफा बंदर ते जेरुसलेम. ती डोंगरातून वळणं घेत चार-चार तास घ्यायची. आपली बोरीबंदर–ठाणे गाडी तिच्या एकोणचाळीस वर्षं आधीची, १८५३ ची, बरं का!

विरळ गाडी आधी धरा

आता तिसरा आणि सर्वांत कामाचा नियम. अनेक गाड्या बदलायच्या असतील, तेव्हा कोणती आधी ठरवायची? बहुतेक जण सकाळच्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करतात. तसं नाही करायचं. जी गाडी सर्वांत विरळ आहे, ती आधी धरायची आणि तिथून उलटं मागं यायचं.

अलिबागची माणसं हे रोज करतात. अलिबागला प्रवाशांची रेल्वे नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं नागपूरला जायचं असेल, तर आधी ती गाडी बघायची, मग तिच्या हिशेबानं मांडव्याची लाँच, मग लाँचच्या हिशेबानं घरून निघायची वेळ. रिक्षा काय, केव्हाही मिळते.

हैफा ते तेल अवीव तासाला एकाहून जास्त गाड्या आहेत. एक चुकली तर बाकावर बसून शेंगा खायच्या, तोवर दुसरी येते. बेअर शेवाहून दिमोनाला जाणाऱ्या गाड्या मात्र दिवसाकाठी थोड्याच. ती चुकली तर अख्खी दुपार गेली. मग हिशेब असा करायचा. (वेळा सरावासाठी धरल्या आहेत, खऱ्या वेळा प्रवासाच्या आठवड्यातच बघायच्या.)

समजा, दिमोनाची गाडी बेअर शेवाहून ११.३० ला आहे. अर्धा तास हाती ठेवून तिथं ११ ला पोचायचं. तेल अवीव ते बेअर शेवा सव्वा तास, म्हणजे तेल अवीव ९.४५ ला सोडायचं. गाडी बदलायला आजीच्या पायांनी पंचवीस मिनिटं, म्हणजे तिथं ९.२० ला उतरायचं. हैफा ते तेल अवीव एक तास, म्हणजे हैफाहून ८.२० ला निघायचं. तपासणी आणि जिने धरून भाच्याच्या घरून ७.४० ला बाहेर. हैफाहून थेट बेअर शेवाची गाडी मिळाली तर फारच छान, एक चढउतार वाचला. आणि एवढं करूनही दिमोनाची गाडी हुकलीच, तर? बेअर शेवाहून दिमोना जेमतेम ३५ किलोमीटर. बस आहे. तीही वहीत लिहून ठेवायची.

पाहिलंत? "आजीच्या पायांनी पंचवीस मिनिटं" असं मी लिहिलं. तुमच्या पायांनी दहा पुरतील. पण बेत नेहमी बरोबरच्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पायांनी आखायचा. आई-बाबांनी हे वाक्य जरूर दोनदा वाचावं.

नवी वही

आता नातू वहीचं नवं पान उघडतो. आधी शुक्रवार-शनिवारच्या चौकटी रंगवतो. या दोन दिवसांत गाडी नाही, तर या दिवसांचं करायचं काय? त्याला वाटतं, आठातले दोन दिवस फुकट गेले!

फुकट कसे? जरा विचार करा. मावशीआजीची मुलं नोकरीला जातात. नातवंडांच्या शाळा रविवार ते शुक्रवार. सगळं घर एकाच वेळी घरात असतं ते फक्त शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून सगळे एका टेबलाशी बसतात. मराठी येणारी म्हातारी माणसं आणि मराठी विसरत चाललेली नातवंडं एका ठिकाणी, तीही फक्त त्याच दिवशी. आजी ज्यासाठी एवढा प्रवास करतेय, ते नेमकं याच चौकटीत आहे. पहिल्या बेतात ती शनिवारी रात्री उशिरा पोचली असती आणि रविवारी पहाटे सगळी पाखरं उडून गेली असती.

म्हणून नवा बेत असा :

मंगळवार – विमानतळावरूनच हैफाकडं. (स्टेशन विमानतळालाच लागून आहे.)
बुधवार – हैफा, भाच्याकडं.
गुरुवार – सकाळच्या गाडीनं दिमोना, दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आत.
शुक्रवार, शनिवार – दिमोना. कुठंही जायचं नाही.
रविवार – दिमोना. सकाळच्या गर्दीत शिरायचं नाही. गावात भारतीय मसाले आणि फरसाण मिळणारी दुकानं आहेत, ती बघायची.
सोमवार – जेरुसलेम.
मंगळवार – जेरुसलेमहून थेट विमानतळ. गाडीला अर्धा तासही लागत नाही.

जेरुसलेम शेवटी का ठेवलं, ते ओळखलंत ना? विमानतळ त्याच वेगवान मार्गावर आहे. विमान पकडायच्या दिवशी प्रवास जितका छोटा, तितकी झोप शांत. आणि दिमोनाहून जेरुसलेमला आगगाडीनंच जायचा हट्टही धरायचा नाही. नकाशात बघा, रेल्वेनं आधी तेल अवीवपर्यंत वर जावं लागतं आणि मग पूर्वेला वळावं लागतं. बेअर शेवाहून जेरुसलेमला बस सरळ जाते.

गावं तीच, दिवस तेवढेच. फक्त क्रम बदलला आणि दोघी बहिणींना सबंध शब्बाथ मिळाला.

आणखी एक चौकट

आई-बाबांसाठी एक गंभीर गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं युद्ध पेटलं आणि त्यानंतर विमानं आणि आगगाड्या अनेकदा विस्कळीत झाल्या. जून २०२५ मध्ये तर तिथला मुख्य विमानतळ काही दिवस बंद होता. तेव्हा कुठल्याही देशाचा बेत आखताना वहीत सर्वांत वर एक ओळ हवी : आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय आहे? "सध्या जाऊ नका" असं असेल, तर बेत कितीही सुंदर असो, वही मिटायची. प्रवास पुढं ढकलता येतो.

हीच रीत दुसऱ्या देशांनाही लावून बघा. चीनमध्ये चांद्र नववर्षाला कोट्यवधी माणसं एकदम गावी निघतात. आपल्याकडं गणपतीत कोकणात निघतात तशीच, पण कितीतरी पटींनी जास्त. तेव्हा तिथं तिकीट मिळणं महाकठीण. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर ठरावीक अंतरानं गाड्या सोडतात. सव्वाआठला सुटणारी गाडी सव्वानऊला असते, सव्वादहालाही असते. पाठ करायला एकच आकडा! प्रत्येक देशाचं वेळापत्रक त्या देशाच्या माणसांसारखं असतं. आधी माणसं समजून घ्या, मग आकडे आपोआप उलगडतात.

आता तुमची पाळी

१. जानेवारी महिना आहे, शुक्रवार आहे. अलिबागला रात्रीचे ८ वाजलेत. हिवाळ्यात इस्रायलचं घड्याळ आपल्या मागं साडेतीन तास असतं. दिमोनाला किती वाजले? मावशीआजीला आत्ता फोन करावा का?

२. कुलाबा किल्ल्यात पंचमीला चालत जायचं आहे. सकाळी साधारण किती वाजता पाणी सर्वांत कमी असेल?

३. तुमच्या गावाहून आजोळी जायचा रस्ता वहीत मांडा. त्यातलं सर्वांत विरळ वाहन कोणतं? तिथून सुरुवात करून उलटा हिशेब करा आणि घरून निघायची वेळ काढा.

४. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी बंद असतो? का? घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा.

पहिल्या दोघांची उत्तरं : (१) दुपारचे साडेचार. सूर्य पाचच्या सुमारास मावळणार, घरात शब्बाथच्या तयारीची लगबग असणार. दोन मिनिटांत खुशाली विचारा. निवांत गप्पा रविवारी! (२) पाचाची पाऊणपट पावणेचार, ती भरतीची वेळ. सहा तास मिळवा, पावणेदहा. मात्र पाणी चढायच्या आत परत फिरायचं आणि बरोबर मोठं माणूस हवंच.

उरलेल्या दोघांची उत्तरं फक्त तुमच्याच घरात सापडतील. शोधा आणि आम्हांला पत्रानं कळवा. भेटू पुढच्या अंकात, नव्या नकाशासह!